हालवारची कोमट कॉफी

दातांच्या डॉक्टरला 'नाही' म्हणायची ताकद देवानं माणसाला दिलेलीच नाही. ज्याच्यासमोर आपण अर्धं आयुष्य आ वासून पडलो, ज्यानं आपल्या तोंडात आरसा, चिमटा, कापूस आणि दोन्ही हात घालून वर "सुट्टीत कुठे जाणार?" असं विचारलं, त्याला नकार द्यायला जीभ वळत नाही. म्हणून दारात उभ्या असलेल्या हालवारनं हातातला गठ्ठा पुढे केला, तेव्हा आर्नफिननं तो मुकाट्यानं घेतला. घेतल्यावर कळलं की तो दोन्ही हातांनी धरावा लागतो.

"कादंबरी आहे," हालवार म्हणाला. "विज्ञानकथा. थरारक. तू भाषेतला माणूस, जरा बघ."

भाषेतला माणूस! आर्नफिनची छाती स्वेटरमध्ये मावेना. उभी हयात त्यानं नगरपालिकेत सरकारी पत्रं माणसांना कळतील अशी करण्यात घालवली होती. बर्फ हटवण्याची जी सूचना पूर्वी पान-दीड पान चालायची, ती त्यानं 'गाडी काढा. आम्ही बर्फ काढतो.' एवढ्यावर आणली. या कामगिरीबद्दल त्याला काचेचं एक बदक मिळालं होतं. ते दिवाणखान्यात अशा जागी ठेवलं होतं की पाहुण्यानं कितीही मान फिरवली तरी सुटका नव्हती.

"हे बघ," हालवार जरा घुटमळला. त्याचे कान लाल झाले. "आधीच्या चार परत आल्या. ही पण आलीच होती. पण या वेळी ओस्लोच्या प्रकाशनानं लिहिलंय, कथानक असामान्य आहे, भाषा सुधारून महिनाअखेर पाठवा, मग पुन्हा बघू. आर्नफिन, ही गेली तर गेली. यानंतर मी लिहिणार नाही. आता परत आलेली पाकिटं उघडायची ताकद नाही माझ्यात."

बायको गेल्यापासून हालवार एकटाच असायचा, आणि संध्याकाळी त्याच्या खिडकीतून टाइप केल्याचा आवाज यायचा, हे सगळ्या लेर्केलियाला माहीत होतं. लेर्केलिया म्हणजे फ्योर्डच्या, डोंगरांत घुसलेल्या समुद्राच्या, उतारावरची तीन पिवळ्या इमारतींची सोसायटी. तिथे कुणाच्या घरी कोणता मासा शिजतोय हेही सगळ्यांना माहीत असतं.

रविवारी सकाळी आर्नफिन लाल पेन घेऊन बसला. पहिल्याच पानावर त्याला ठसका लागला.

"टूरिल, ऐक गं!" त्यानं बायकोला हाक मारली. "'इन्स्पेक्टर मार्गिट आत आली. तिचे समोरचे दात उत्तम होते, पण खालच्या डाव्या दाढेत चांदी भरलेली होती आणि त्या चांदीत दुःख साचलं होतं.' आणि हे बघ. 'प्रेत अजिबात हलत नव्हतं, कारण ते मेलेलं होतं.' आणि इथे, 'समुद्र ओला होता.' समुद्र ओला होता म्हणे! आणि हे तर जिकडेतिकडे: 'कॉफी कोमट होती.' याच्या पुस्तकात एकालाही धड कॉफी मिळत नाही!"

टूरिल कॉड मासा ओव्हनमध्ये ठेवत होती. "मग पुढे काय होतं?" तिनं विचारलं.

"पुढे काय होणार?" म्हणून आर्नफिननं पान उलटलं, आणि त्यानंतर तो बोललाच नाही. लाल पेनाचं टोपण बंदच राहिलं. पुस्तकात समुद्राखालून जाणारा एक बोगदा होता, गावाकडून बेटाकडे. गाडी आत जायची आणि घड्याळात दहा मिनिटांनी पलीकडे निघायची. सगळं ठीकठाक. पण एका बाईनं मांडीवर पातेल्यात पिठाचा गोळा घेऊन बोगदा ओलांडला, तर पलीकडे जाईपर्यंत पीठ फुगून पातेल्याबाहेर आलं होतं. दहा मिनिटांत पीठ कसं फुगेल? इकडे बेटावर जहाजाच्या मालकाचा खून झालेला, आणि ज्यांच्यावर संशय, ते सगळे त्या वेळी चारचौघांत बसून मासे खात होते. आर्नफिनला वाटायचं, सापडला खुनी. पान उलटलं की तो निर्दोष. हे असं दर प्रकरणाला! भाषा अशी की पायात गोटे लागावेत, पण माणूस ठेचकाळत ठेचकाळत पळतच सुटतो.

ओव्हनमधून धूर आला तेव्हा टूरिलला भान आलं. ती आर्नफिननं वाचून बाजूला ठेवलेली पानं उचलून वाचत बसली होती. मासा कोळसा झाला होता. दोघांनी ब्रेड खाल्ला आणि संध्याकाळी आर्नफिननं शेवटचं पान उलटलं, तर खाली काहीच नाही.

तो सपाता घालूनच हालवारच्या दारात गेला. "शेवटचं प्रकरण कुठाय? कुणी मारलं त्याला?"

हालवारच्या चेहऱ्यावर असं हसू आलं, जे त्यानं आर्नफिनच्या दाढा काढतानाही कधी दाखवलं नव्हतं. "ते नाही द्यायचं. भाषा सुधारून झाली की मी वाचून दाखवीन. शेवट आधी सांगायचा म्हणजे पेशंट खुर्चीत बसायच्या आत दाढ उपटून हातात ठेवायची."

इथवर सगळं ठीक होतं. दोन माणसं, एक लाल पेन, महिनाभराचा अवकाश. पण टूरिलनं ही गोष्ट कपडे धुण्याच्या खोलीत ऊन्नीला सांगितली. ऊन्नी म्हणजे सोसायटीची अध्यक्ष. पायात रबरी बूट, गळ्यात शिट्टी.

"हालवार एकटा का झटेल?" ऊन्नी कडाडली. "आपण मेलोय का? यंदाच्या दुग्नादमध्ये हेच घेऊ!"

आता दुग्नादपुढे नॉर्वेच्या माणसाचं काही चालत नाही. सगळ्यांनी जमायचं, पैसे न घेता सगळ्यांसाठी राबायचं, मग वॅफल आणि कॉफी. पानं गोळा करा, कुंपण रंगवा, गटार साफ करा. न येणाऱ्याला कुणी चकार शब्द बोलत नाही. फक्त पुढे वर्षभर त्याच्या खिडकीकडे बघून "बरं नाही का रे त्याला?" असं प्रेमानं विचारतात, आणि तो माणूस खंगत जातो. तर यंदा झाडलोट एका सकाळी उरकायची आणि बाकी दुग्नाद हालवारच्या कादंबरीवर, असं ठरलं. एका घरानं एक प्रकरण सुधारायचं.

हालवारला बोलावून हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा स्वतःच्याच खुर्चीत पहिल्यांदा झोपवल्यासारखा झाला. "अरे, पण तुम्हाला उगाच त्रास..."

"त्रास कसला!" तार्ये म्हणाला. तार्ये अग्निशमन दलातून निवृत्त झालेला, आवाज अजून ड्यूटीवरच. "माझ्या तोंडात तू दातांचे तीन पूल बांधलेस. मी एक प्रकरण नाही बांधणार?"

भाषेचा सेनापती अर्थातच आर्नफिन. सोसायटीच्या हॉलमध्ये त्याचं व्याख्यान ठेवलं गेलं. तो काचेचं बदकही घेऊन आला होता. टूरिलनं ते कोटाखाली झाकलं, पण शेपूट दिसत होतं.

"नियम सोपे आहेत," आर्नफिननं घसा खाकरला. "लांब वाक्य दिसलं, तोडा. दात दिसला, उपटा." हशा झाला. हालवारही जरासा हसला. "आणि ती कोमट कॉफी! मंडळी, एकदा सांगितलं कॉफी कोमट आहे, तर वाचकाला कळतं. दर चार पानांनी त्याचं बोट धरून कपात बुडवायची गरज नाही. कॉफी दिसली की काढायची. सगळीकडची!"

टाळ्या पडल्या. कोपऱ्यातून हालवारचा हात वर आला. "कॉफी तेवढी राहू द्या की."

"हालवार," आर्नफिन फार समजूतदारपणे म्हणाला, "भाषेतला माणूस कोण, असं तूच म्हणाला होतास ना?"

"हो, पण..."

"पण काय? कारण सांग."

हालवारनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. कारण सांगायचं तर शेवट सांगावा लागणार. शेवटी तो पुटपुटला, "काही नाही," आणि बसला. आर्नफिननं समाधानानं पुढचा मुद्दा घेतला.

मग लेर्केलियात जे सुरू झालं त्याला तोड नाही. माणसं जिन्यात भेटली की हवापाण्याऐवजी कर्त्याकर्मावर बोलायची. तार्येच्या वाट्याला बोटीवरच्या पाठलागाचं प्रकरण आलं. त्यानं आधी सगळ्यांना लाइफ जॅकेट घातलं, खुन्यालाही. मग बोटीचा वेग नियमात आणला, त्यामुळे पाठलाग करणारे आणि पळणारे एकाच गतीनं, एकमेकांना न गाठता, अतिशय सुरक्षितपणे बंदरात पोचले. "पण त्यात थरार कुठाय?" आर्नफिननं विचारलं, तर तार्ये डोळे वटारून म्हणाला, "थरार? मी पाण्यातून काढलीयत माणसं. तुला थरार पाहिजे?"

राग्नहिल दुसऱ्या इमारतीतली. नॉर्वेत लिहायच्या दोन रीती आहेत, एक शहरी आणि एक डोंगराकडची, आणि राग्नहिल डोंगराकडची. तिनं आपलं प्रकरण पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत आपल्या रीतीत फिरवून टाकलं. म्हणजे इन्स्पेक्टर मार्गिट सहाव्या प्रकरणाच्या अखेरीस पायऱ्या चढायला लागली तेव्हा शहरातली होती, आणि सातव्यात वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत पक्की डोंगरी झाली होती. "आता कशी माणसासारखी बोलते," राग्नहिल म्हणाली. शिवाय तिनं मार्गिटचं एका मेंढपाळाशी जमवूनही दिलं होतं. मूळ पुस्तकात मेंढपाळ नव्हता. मेंढी नव्हती.

आर्नफिनच्या वाट्याला नववं प्रकरण होतं. त्यात बेटावर सगळे संशयित एकत्र बसलेले, गावाहून आणलेल्या आपापल्या कॉफीच्या बाटल्या उघडून. 'कॉफी कोमट होती. कॉफी कोमट होती. कॉफी कोमट होती.' आणि मग मधेच एका ठिकाणी, 'वकील आंद्रेसननं घोट घेतला. कॉफी गरम होती. त्याची जीभ भाजली.'

"बघ!" आर्नफिन टूरिलला म्हणाला. "लेखकाला स्वतःलाच आठवत नाही. कोमट की गरम? एक काय ते ठरव की!" त्यानं ते वाक्य लाल शाईनं खोडलं, आणि समासात एक लहानसं उद्गारचिन्ह काढलं. ते त्याला फार सुबक जमलं.

समारोपाचा शुक्रवार उजाडला. हॉलमध्ये वॅफलचा घमघमाट, बशीत तपकिरी चीज, आणि पुढे खुर्चीवर हालवार. नवा शर्ट घातलेला, हातात शेवटचं प्रकरण. तो वाचायला लागला. वाचायचा तेही वाईटच, दर वाक्यानंतर 'आता चूळ भरा' म्हटल्यासारखा थांबायचा. पण हॉलमध्ये काट्याचमच्याचा आवाज थांबला. इन्स्पेक्टर मार्गिटनं सगळ्यांना बोगद्याच्या तोंडाशी गोळा केलं होतं.

"'या बोगद्यात घड्याळं थांबतात,'" हालवार वाचत होता. "'घड्याळाला वाटतं दहा मिनिटं. पण आत तास उलटतो. घड्याळाला फसवता येतं, उष्णतेला नाही. पीठ फुगतं. आणि कॉफी निवते. बोगद्यातून आलेल्या प्रत्येक माणसाची कॉफी कोमट होती. पहिल्या दिवसापासून प्रत्येकाची. फक्त तुमची नव्हती, वकीलसाहेब. तुमची जीभ भाजली. कारण तुम्ही बोगद्यातून आलाच नाहीत. तुम्ही होडीनं आलात, सगळ्यांच्या आधी, ताजी कॉफी बेटावरच करून घेतलीत, आणि त्या चोरलेल्या तासात...'"

"अरे देवा!" राग्नहिल ओरडली. "जीभ! जीभ भाजली होती त्याची?"

"कधी भाजली?" तार्येनं विचारलं. "माझ्या प्रकरणात तर कुणी कॉफीच पीत नाही."

"माझ्या पण नाही."

"मी काढली सगळी. आर्नफिननं सांगितलं म्हणून."

सगळ्या माना आर्नफिनकडे वळल्या. त्याच्या घशात वॅफल अडकलं होतं. काय डोकं आहे या माणसाचं! पहिल्या पानापासून आपल्या नाकासमोर कप धरून उभा होता, आणि आपण तो हिसकावून मोरीत ओतला. आणि वर उद्गारचिन्ह! आर्नफिनला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती, आणि इतकं कौतुकही कुणाचं वाटलं नव्हतं. दोन्ही एकदमच आल्यामुळे त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"हालवार," तो कसाबसा म्हणाला, "हे कमाल आहे. हे... तू बोलला का नाहीस रे?"

"बोललो असतो तर शेवट फुटला असता. आणि वाटलं, नुसतंच वाईट लिहिलंय म्हणून सगळ्यांना खटकतंय," हालवार म्हणाला. "माझं काय, मला त्यातलं कळत नाही."

"काही बिघडलेलं नाही!" आर्नफिन उठला. "मूळ प्रत तुझ्याकडे आहे. आज बसू, कॉफी परत घालू, सोमवारी पाठवू."

तेवढ्यात मागून बारीक आवाज आला. ऊन्नीचा आवाज कधी बारीक होऊ शकतो हे लेर्केलियाला त्या दिवशी कळलं. "मी... सकाळीच पाठवून दिली. प्रकाशनाला. म्हटलं, हालवारला सुखद धक्का देऊ."

हातातली पानं हालवारनं नीट चौकोनी केली आणि मांडीवर ठेवली. कुणालाच त्याच्याकडे बघवेना.

आर्नफिननं तिथूनच ओस्लोला फोन लावला. आधी यंत्र बोललं, मग संगीत वाजलं, मग पुन्हा यंत्र: 'तुमचा मजकूर मिळाला. तो बदलता येत नाही. वर्षाला एका लेखकाचा एकच मजकूर.' आर्नफिन घामाघूम झाला. तीन छोटी वाक्यं, एकही शब्द जास्त नाही. असलीच उत्तरं लिहायला त्यानं सगळ्या देशाला शिकवलं होतं, आणि आज पहिल्यांदा त्याला वाटलं की एखादं लांबलचक, गोंधळलेलं, पळवाटा असलेलं वाक्य हवं होतं बुवा.

शेवटी एक खरी बाई फोनवर आली. आर्नफिन बोलत सुटला. वकील, बोगदा, लाइफ जॅकेट, मेंढपाळ. बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि थंडपणे म्हणाली, "नियम नियम आहे."

"अगं बाई, पण त्यात खुनीच सापडत नाही!"

"थांबा जरा. बघते." खटखट आवाज आला. "यात शेवटचं प्रकरण कुठाय?"

"ते हालवारनं दिलंच नव्हतं कुणाला."

"मग हा अपुरा मजकूर झाला. अपुरा आम्ही धरतच नाही. पूर्ण मजकूर सोमवारी संध्याकाळपर्यंत पाठवा." फोन बंद झाला.

हॉलमध्ये जो ओरडा झाला त्यानं खिडकीतल्या कुंड्या हलल्या. तार्येनं हालवारला उचललं. राग्नहिलनं ऊन्नीला मिठी मारली, आणि मग आपण तिच्यावर रागावलो होतो हे आठवून सोडली.

शनिवार-रविवार आर्नफिन हालवारच्या स्वयंपाकघरात बसून होता. मूळ प्रत पुढ्यात. लाल पेन त्यानं घरीच ठेवलं होतं, साधी पेन्सिल आणली होती. आता तो काही खोडण्याआधी विचारायचा.

"समुद्र ओला होता. हे काढू?"

"काढ," हालवार म्हणाला.

"यात काही गुपित नाही ना?"

"नाही. तो नुसताच ओला आहे."

"प्रेत हलत नव्हतं, कारण ते मेलेलं होतं?"

"ते राहू दे. ते मला आवडतं."

आर्नफिननं पेन्सिल थांबवली, वाक्य पुन्हा वाचलं, आणि राहू दिलं. दातांपैकी मार्गिटची दाढ तेवढी वाचली, बाकीचे त्यांनी एकेक करून काढले. हालवार प्रत्येक वेळी डोळे मिटून घ्यायचा. दुपारी आर्नफिन एकदम म्हणाला, "हालवार, मी जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं कापली रे. असलं काही मला सात जन्मांत सुचलं नसतं. तू लिहितोस वाईट, पण तू लेखक आहेस." हालवार उठून कॉफी करायला गेला आणि बराच वेळ ओट्याकडे तोंड करून उभा राहिला.

सोमवारी पुस्तक ओस्लोला गेलं. नोव्हेंबरात ओस्लोहून संपादिकेचा निरोप आला: 'पाच प्रकरणं वाचली. भाषा बरी झाली आहे. एक सूचना, कॉफीचा उल्लेख फार वेळा येतो. सगळा काढावा.'

हालवार निरोप घेऊन आर्नफिनच्या दारात उभा. चेहरा पांढरा. "काढूया का रे? नाहीतर परत पाठवतील."

आर्नफिननं आयुष्यात संपादक, साहेब आणि डॉक्टर यांच्यासमोर कधी आवाज चढवला नव्हता. त्यानं फोन उचलला. "ऐक गं बाई," तो म्हणाला, "मी तुझ्यासारखाच शहाणा आहे. मीही तेच केलं होतं. आता मुकाट्यानं शेवटपर्यंत वाच, आणि मग मला फोन कर!" आणि त्यानं फोन आपटला. मग टूरिलनं त्याला खुर्ची दिली. दोन दिवस तो आणि हालवार फोनपाशी बसून होते.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला. संपादिका एवढंच म्हणाली, "एक थेंबही काढू नका. छापतोय."

ईस्टरला देशभर लोक डोंगरातल्या झोपड्यांत जाऊन खुनाच्या गोष्टी वाचतात. त्या वर्षी त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात हालवार होता. वर्तमानपत्रानं लिहिलं की लेखकाची वाक्यं दातदुखीसारखी आहेत, पण पुस्तक खाली ठेवता येत नाही. हालवारनं ते कात्रण दिवाणखान्यात अशा जागी लावलं की पाहुण्याची सुटका नाही.

मग वसंतातलं दुग्नाद आलं. कुंपण रंगवून झालं, ऊन्नीनं शिट्टी वाजवली, आणि सगळे आपापल्या कॉफीच्या बाटल्या घेऊन गवतावर बसले. कप भरले गेले. बोलणं चालू होतं, कुणाच्या छताचं, कुणाच्या गुडघ्याचं.

"हाय हाय, भाजलं!" तार्ये ओरडला आणि जीभ बाहेर काढून वारा घालू लागला.

राग्नहिलनं हळूच स्वतःच्या कपात बोट घातलं. ऊन्नीनंही घातलं. दोन्ही कोमट. मग लेर्केलियातल्या सगळ्या माना एकाच वेळी तार्येकडे वळल्या, आणि आर्नफिन उठून, कप तसाच हातात धरून, त्याच्यापासून दोन माणसं पलीकडे जाऊन बसला.

"काय झालं?" तार्येनं विचारलं. "काय बघताय सगळे?"

कुंपणापाशी हालवार रंगाचा ब्रश हातात घेऊन उभा होता. तो अक्कलदाढांपर्यंत हसत होता.